ऑक्युपेशनल थेरपीच्या विद्यार्थ्यांना लेखन वेगळं शिकवायला हवं का?

निळी_शाई

ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे आजार किंवा इजेनंतर रोजची कामं जमावीत यासाठीचे उपचार) म्हटलं की हात डोळ्यांसमोर येतात. स्प्लिंटचा (सांध्याला आधार देणाऱ्या पट्टीचा) पत्रा गरम पाण्यातून काढून मनगटावर बसवणारे, पेशंटला पलंगावरून खुर्चीत नेणारे, लहान मुलाच्या बोटांत पेन्सिल धरून देणारे. लेखणी कुणाला आठवत नाही. पण सेशन संपलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यातलं जे टिकतं ते फक्त कागदावरचं.

वर्ल्ड फेडरेशन ऑफ ऑक्युपेशनल थेरपिस्ट्सच्या किमान निकषांप्रमाणे पात्र होईपर्यंत विद्यार्थ्याने किमान १००० तास प्रत्यक्ष प्लेसमेंटमध्ये काम करायचं असतं. या तासांच्या मागे लिहिणं लागलेलंच आहे: मूल्यमापन, रोजची नोट, उद्दिष्टं, घरी करायच्या कार्यक्रमाचा कागद, डिस्चार्ज समरी, शिवाय केस प्रेझेंटेशन आणि रिफ्लेक्शन (स्वतःच्या कामावरचं चिंतन). तरीही लेखन ‘येईल हळूहळू’ म्हणून सोडून दिलं जातं. माझं मत असं की ते हळूहळू येत नाही, हळूहळू चुकीच्या सवयी पक्क्या होतात.

वेगळं शिकवावं का? शिकवायचं तर सुरुवात कुठून? जाणकारांनी कृपया लिहावं.

गोनिओमीटर

असहमत. निरीक्षण शिकवा, लेखन मागून येतं. ‘उजव्या खांद्याची हालचाल कमी आहे’ असं लिहिणाऱ्याची भाषा कच्ची नसते, त्याने मोजलेलं नसतं. मोजलं असतं तर ‘उजवा खांदा पुढून वर उचलणे: स्वतःहून ० ते ९५ अंश, थेरपिस्टने उचलल्यावर ० ते १३०, ११० च्या पुढे वेदना’ एवढं लिहायला कुठलं भाषाकौशल्य लागतं? यातली ३५ अंशांची तफावत स्वतःच बोलते: सांध्यात जागा आहे, उचलणारी ताकद कमी पडते आहे किंवा वेदना आड येते आहे. हे डोळ्यांचं आणि हातांचं काम आहे, शैलीचं नाही.

कुशीबदल

गोनिओमीटर, तुमचं अर्धं मान्य. पण उलटा रस्ताही आहे. काय लिहायचं आहे हे आधी माहीत असलं की नजर तिकडे जाते. दोन नोट्स शेजारी ठेवून बघा. डाव्या बाजूचा पक्षाघात, काम शर्ट घालणे.

पहिली: ‘पेशंटला शर्ट घालायला मदत लागली. सहकार्य चांगले. पुढे चालू.’

दुसरी: ‘पलंगाच्या कडेला, दोन्ही तळपाय जमिनीवर टेकवून बसला. पुढून बटणांचा शर्ट. आधी कोणती बाही, हे सांगावे लागले. सांगितल्यावर डावी बाही स्वतः शोधली व उजव्या हाताने कोपराच्या वर ओढली. शर्ट पाठीमागून फिरवताना डावीकडे कलला (२ वेळा), तोंडी सूचनेवर सरळ झाला. ५ बटणांपैकी खालची ३ स्वतः लावली, वरची २ थेरपिस्टने. एकूण १४ मिनिटे.’

दुसरी वाचून उद्या येणारा थेरपिस्ट काम पुढे नेऊ शकतो. बाही स्वतः शोधली, म्हणजे डाव्या बाजूकडे दुर्लक्ष ही या कामातली मुख्य अडचण दिसत नाही. सूचना लागली ती क्रमासाठी. तोल गेला तो हात पाठीमागे गेल्यावर. वरची बटणं राहिली कारण ती दिसत नाहीत आणि एका हाताने हनुवटीखाली लावायची असतात. तीन वेगळ्या अडचणी, तीन वेगळे उपाय. पहिल्या नोटेतल्या ‘मदत’ या एका शब्दाने तिन्ही गिळले.

साधी_सुई

कुशीबदल +१. मराठीत नोंद किंवा केस सांगणाऱ्यांसाठी एक भर. आपल्या क्रियापदातच मदतीची पातळी दडलेली असते आणि विद्यार्थी ती न कळत चुकवतात. ‘पेशंट उभा राहिला’ आणि ‘पेशंटला उभे केले’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. जेवला, भरवले. चालला, चालवले. आंघोळ केली, आंघोळ घातली. घाईत कुणी ‘उभे केले’ लिहितो, प्रत्यक्षात पेशंट स्वतः उठलेला असतो आणि थेरपिस्टने फक्त कमरेच्या पट्ट्याला हात लावलेला असतो. फाईल वाचणाऱ्याला वाटतं प्रकृती मागच्या आठवड्यापेक्षा खालावली.

‘दोघांनी धरून चालवले’ हेसुद्धा अपुरंच. कुठे धरलं? काखेत, कोपराला की पट्ट्याला? पक्षाघाताच्या बाजूचा खांदा काखेतून ओढला तर सांध्याला इजा होऊ शकते. त्यामुळे कुठे धरलं ही नोंद सुरक्षिततेचीही आहे.

दुसरे_वर्ष

मग ‘थोडी मदत’, ‘बरीच मदत’ हे शब्द वापरायचेच नाहीत का? आमच्या नोट्स त्यांनीच भरलेल्या असतात.

कुशीबदल

@दुसरे_वर्ष, वापरा, पण कुठल्या मोजपट्टीवरचे ते ठरवून. फंक्शनल इंडिपेंडन्स मेझरमध्ये १८ बाबी आहेत, प्रत्येकीला १ ते ७ गुण, म्हणजे एकूण १८ ते १२६. ७ म्हणजे पूर्ण स्वावलंबी. ६ म्हणजे स्वावलंबी, पण साधन वापरून, जास्त वेळ घेऊन किंवा सुरक्षिततेची काळजी ठेवून. ५ म्हणजे देखरेख, सूचना किंवा फक्त तयारी करून देणं. ४, किमान मदत, म्हणजे कामाचा ७५% किंवा जास्त भाग पेशंट करतो. ३, मध्यम, ५० ते ७४%. २, जास्त, २५ ते ४९%. १ म्हणजे २५% पेक्षा कमी.

सगळ्यात जास्त गोंधळ ५ आणि ४ मध्ये होतो. बोलून भागलं तर ५, हात लावावा लागला तर ४. नुसता आधाराचा हात असला तरी ४. विद्यार्थी हात लावतात आणि ‘देखरेख’ लिहितात. घरी एकटी म्हातारी जोडीदार सांभाळणार असेल तर या एका आकड्यावर डिस्चार्जचा निर्णय फिरतो.

खडू_फळा

शीर्षक वाचून वाटलं धागा मुलांच्या हस्ताक्षरावर आहे. :) आलोच आहे तर त्याच अंगाने लिहितो, कारण शाळेसाठी द्यायचा रिपोर्ट हाही विद्यार्थ्याच्या लेखनाचाच कस बघतो.

‘अक्षर खराब, पकड चुकीची’ हे वाक्य शिक्षकांना आधीच माहीत असतं, म्हणून तर त्यांनी मूल पाठवलेलं असतं. लिहायचं ते वेगळं. बघून लिहिताना मिनिटाला किती अक्षरं, ऐकून लिहिताना किती. किती मिनिटांनी हात झटकतो. दोन शब्दांतलं अंतर सुटतं का. दुसरा हात वही धरतो की मांडीवर असतो. खुर्चीत बसल्यावर तळपाय जमिनीला टेकतात का. तीन बोटांची पकडच हवी हा हट्टही सोडावा. चार बोटांची किंवा अंगठा आडवा पडलेली पकडसुद्धा वेग आणि वाचनीयता चांगली असेल तर चालते, मग ती बदलायला सांगून मुलाला छळू नये.

आणि देवनागरीसाठी इंग्रजी लिपीचे निकष जसेच्या तसे उचलू नका. रोमन अक्षर खालच्या रेघेवर बसतं, आपलं अक्षर शिरोरेषेला लटकतं. मूल शिरोरेषा आधी ओढतं की शब्द झाल्यावर, काना पुरता खाली येतो का, पहिली आणि दुसरी वेलांटी उलटसुलट होते का, उकार खालच्या ओळीत घुसतो का, जोडाक्षरापाशी थबकतं का. हे लिहिलंत की शिक्षकांना उद्या वर्गात काय करायचं ते समजतं.

मनगट

खडू_फळा, शिरोरेषेचा मुद्दा फारच मोलाचा. वाचनखूण साठवली.

टेम्प्लेट_प्रेमी

इतकं सगळं रोज लिहायचं तर थेरपी कधी करायची? आता सॉफ्टवेअरमध्ये तयार रकाने असतात, टिकमार्क करा, झालं. कालची नोट कॉपी करून आकडे बदलले तरी भागतं. विद्यार्थ्यांनी टायपिंग आणि सॉफ्टवेअर शिकावं.

चौथा_रकाना

@टेम्प्लेट_प्रेमी, रकाने वाईट नाहीत. विसरायला होणारी गोष्ट ते आठवून देतात. कॉपी केलेली नोट मात्र घातक. कालच्या नोटेत ‘त्वचा निरोगी’ असतं, आज स्प्लिंटखाली लाल चट्टा असतो, आणि कागदावर सलग ६ दिवस त्वचा निरोगीच राहते. स्प्लिंट काढल्यावर लाली साधारण २० मिनिटांत गेली नाही तर स्प्लिंट दाबतोय, तो दुरुस्त करायला हवा. ही नोंद कालच्या नोटेत असणारच नाही. शिवाय आठवडाभराच्या नोट्स शब्दशः सारख्या दिसल्या की वाचणारा दोनच अर्थ काढतो: पेशंटमध्ये काही बदल नाही, किंवा थेरपिस्टने बघितलं नाही. खर्च मंजूर करणारा पहिला अर्थ काढून थेरपी थांबवतो.

सोप नोट (चार भागांत लिहायची रोजची नोंद) विद्यार्थ्यांना पाठ असते, पण ती कशासाठी बनली ते सांगितलं जात नाही. लॉरेन्स वीड या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात रुग्णाची नोंद त्याच्या समस्यांभोवती बांधायची पद्धत मांडली, सोप तिच्यातूनच आली. पहिला भाग पेशंट काय म्हणाला, दुसरा काय दिसलं आणि मोजलं, तिसरा त्याचा अर्थ, चौथा पुढची योजना. टिकमार्कने पहिले दोन भरता येतात. तिसरा नाही. आणि विद्यार्थ्याचं डोकं तिसऱ्यातच दिसतं.

तिसऱ्यात ठरलेली चूक म्हणजे दुसऱ्याचीच पुनरावृत्ती. ‘पकड ६ किलो भरली’ हे दुसऱ्यात. ‘पकड ६ किलो असल्याने भरलेली बादली धरवत नाही, अर्धी धरवते, २ आठवड्यांपूर्वी ४ होती, त्यामुळे सध्याचा कार्यक्रम चालू ठेवण्यासारखा आहे’ हे तिसऱ्यात. तिथे ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘कारण’ यांपैकी एकही शब्द नसेल तर परत लिहावं.

गोनिओमीटर

चौथा_रकाना, हे पटलं. ‘कारण’ हा शब्द नुसत्या निरीक्षणातून येत नाही, एवढं मागे घेतो.

दुसरे_वर्ष

उद्दिष्टं लिहिताना सगळ्यात जास्त कापाकापी होते. ‘हाताचे कार्य सुधारणे’ याला नेहमी लाल शाई. का?

साधी_सुई

कारण ते कधी पूर्ण झालं हे कुणालाच सांगता येणार नाही. पाच गोष्टी भरा: कोण, कोणतं दैनंदिन काम, किती मदतीने, कोणत्या परिस्थितीत, कधीपर्यंत. ‘पेशंट बेसिनसमोर खुर्चीवर बसून, जाड मुठीचा ब्रश वापरून, जास्तीत जास्त एका तोंडी सूचनेवर दात घासेल, २ आठवड्यांत.’ आता दोन आठवड्यांनी हो किंवा नाही असं उत्तर देता येतं.

यातही एक फसगत आहे. ‘१० खुंट्या २ मिनिटांत फळीत लावेल’ हे मोजता येतं, सुटसुटीत दिसतं, पण ओटीचं उद्दिष्ट नाही. खुंट्या लावणं हे कुणाच्या आयुष्यातलं काम नसतं. खुंट्या हे साधन, बटण लावणं हे उद्दिष्ट. उद्दिष्ट वाचून हा ओटीचा पेशंट आहे हे समजलं पाहिजे.

आणि ‘पेशंटला शिकवणे’, ‘सराव देणे’ ही थेरपिस्टची कामं झाली. उद्दिष्टाचा कर्ता नेहमी पेशंट.

मनगट

काम कोणतं निवडायचं हे पेशंटला विचारूनच ठरवावं, आणि शक्य तिथे त्याचे शब्द तसेच ठेवावेत. कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर याचसाठी आहे. व्यक्ती स्वतः अडचणी सांगते, महत्त्वाच्या पाचपर्यंत निवडते, मग प्रत्येकीला ‘किती जमतं’ आणि ‘त्यावर किती समाधानी’ असे १ ते १० गुण देते. पुन्हा विचारल्यावर २ किंवा जास्त गुणांचा फरक महत्त्वाचा धरतात. ‘मला नातीची वेणी घालायची आहे’ या वाक्याचं विद्यार्थी लगेच ‘द्विहस्त समन्वय’ करून टाकतात. वेणी राहू द्या. खांद्याच्या उंचीवर हात किती वेळ धरावे लागतात, बोटांना काय काय करावं लागतं, हे सगळं त्या वेणीतच आहे.

ओलीसुकी

संक्षेपांबद्दल कुणी बोललं नाही. ‘ओटी’ हेच घ्या. आपल्याला ते थेरपी, वॉर्डातल्या बाकी सगळ्यांना ऑपरेशन थिएटर. ‘सकाळी ११ ला ओटीत पाठवा’ एवढंच लिहिलं तर पेशंटला उपाशी ठेवलं जाऊ शकतं. विभागाचं पूर्ण नाव लिहा. संस्थेने मान्य केलेल्या यादीबाहेरचा संक्षेप वापरू नका.

आकड्यांचंही तेच. ०.५ लिहिताना आधीचं शून्य सोडू नका, टिंब पुसट झालं तर ५ वाचलं जातं. ५ लिहिताना पुढे .० लावू नका, ते ५० होतं. औषधांसाठी हा नियम सगळीकडे कडक असतो, पण व्यायामासाठी हाताला बांधायच्या वजनाच्या कफमध्ये अर्ध्या किलोच्या जागी ५ किलो बांधले गेले तर खांद्याचं काय होईल?

निळी_शाई

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा पुढे गेला. घरी द्यायच्या कागदाबद्दलही लिहाल का? तिथे वाचणारा थेरपिस्ट नसतो.

साधी_सुई

तो कागद मला सगळ्यांत अवघड वाटतो. मराठीत ‘हात’ म्हणजे खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत सगळं, ‘पाय’ही तसाच. ‘हात सरळ करा’ लिहिलं की कुणी कोपर सरळ करतं, कुणी बोटं, कुणी अख्खा हात वर नेतं. दंड, कोपर, मनगट, तळहात, बोटांची पेरं हे शब्द आपल्याकडे आहेत, घरच्यांना माहीत आहेत, ते वापरा. अग्रबाहू, आकुंचन, प्रसरण हे फक्त परीक्षेसाठी. ‘तळहात छताकडे वळवा’ हे कुठल्याही वयाच्या माणसाला समजतं.

‘परवा’ हा शब्द तर कागदावर येऊच देऊ नका. परवा म्हणजे होऊन गेलेला की येणारा? तारीख आणि वार लिहा.

‘दुखरी बाजू’ असं लिहिलं तर बधिर बाजूच्या पेशंटचे नातेवाईक गोंधळतात, कारण ती दुखतच नसते. सरळ डावी किंवा उजवी लिहा, आणि ती पेशंटची, समोर बसलेल्याची नाही, हेही लिहा.

एका वाक्यात एकच कृती. ‘आधी डावा हात बाहीत घाला. बाही कोपराच्या वर ओढा. मग शर्ट पाठीमागून फिरवा. शेवटी उजवा हात घाला. काढताना उलट: आधी उजवा, शेवटी डावा.’ किती वेळा, दिवसातून किती वेळा, आणि कधी थांबायचं. ‘झेपेल तितके’ हे प्रमाण नव्हे. एकजण दोनदा करून थांबतो, दुसरा दुखेपर्यंत करतो.

कुशीबदल

आणि देण्यापूर्वी नातेवाइकाकडून तो कागद वाचून तसंच करून दाखवायला सांगा. तुम्ही मध्ये बोलू नका. जिथे तो थांबून तुमच्याकडे बघेल ते वाक्य चुकलेलं आहे, तेच बदला. एका पानावर चार-पाचपेक्षा जास्त गोष्टी नकोत.

चौथा_रकाना

मंजुरीसाठीच्या पत्राचा मुद्दा राहतोय. व्हीलचेअरचं पत्र घ्या. ‘पेशंटला व्हीलचेअरची नितांत आवश्यकता आहे, कृपया सहानुभूतीने विचार व्हावा’ यात मंजूर करण्यासारखं काय आहे? मापं लिहा आणि प्रत्येक मापाला कारण जोडा. सीटची रुंदी म्हणजे बसलेल्या स्थितीत नितंबांची सर्वांत जास्त रुंदी अधिक साधारण २.५ ते ५ सेंटिमीटर. जास्त रुंद झाली तर माणूस एका बाजूला कलतो आणि चाकाच्या कडीपर्यंत हात नीट पोचत नाहीत. खोली म्हणजे नितंबाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खाचेपर्यंतच्या लांबीतून साधारण ५ सेंटिमीटर वजा. जास्त खोल झाली तर सीटची कड गुडघ्यामागे रुतते, ते टाळायला माणूस पुढे घसरतो आणि त्रिकास्थीवर (कण्याच्या खालच्या टोकाजवळच्या हाडावर) बसतो, तिथे दाबजखम होते. मग शेवटी ती व्यक्ती या खुर्चीत बसून रोज काय करणार ते. या क्रमाने लिहिलेलं पत्र कुणालाही ‘साधी खुर्ची चालेल’ असं म्हणू देत नाही.

टेम्प्लेट_प्रेमी

कॉपी करण्याचं माझं म्हणणं चुकलं, मान्य. पण वेळेचा प्रश्न खराच आहे. विद्यार्थ्याच्या हाताखाली चार पेशंट असतील तर?

कुशीबदल

सेशन चालू असताना खिशातल्या कागदावर फक्त आकडे टिपावेत: वेळ, किती वेळा, कुठे हात लावला. नाव टिपू नये, आणि नोट झाली की कागद फाडून टाकावा. दिवसअखेर चारही नोट्स एकदम लिहायला बसलं की दुसऱ्याचा तोल तिसऱ्याच्या फाईलमध्ये जातो. सेशन संपल्यावर ५ मिनिटं तिथेच थांबणं शेवटी स्वस्त पडतं.

नोट राहिलीच तर मागची तारीख घालून घुसडू नये. आजची तारीख आणि वेळ लिहून ‘उशिराची नोंद’ असं म्हणून, कोणत्या दिवसाची ते लिहावं. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. पांढरी शाई कधीच नाही.

दुसरे_वर्ष

रिफ्लेक्शनही असंच लिहायचं का? आमच्याकडे त्यासाठी गिब्ज यांनी मांडलेले सहा टप्पे आहेत.

मनगट

नाही, तिथे उलटं. नोटेत तुमच्या भावना नकोत, रिफ्लेक्शनमध्ये त्या हव्यात. वर्णन, भावना, मूल्यांकन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती यांपैकी विद्यार्थी दोन पानं वर्णनात घालवतात आणि पुढच्या कृतीला ‘अधिक सराव करेन’ एवढंच उरतं. वर्णन चार ओळींत आटपा. पुढची कृती साधी_सुई यांनी सांगितलेल्या पाच गोष्टींत बसवा, फक्त कर्ता तुम्ही. आणि पेशंट ओळखू येईल असं त्यात काहीही नको.

गोनिओमीटर

मूळ प्रश्नाकडे येतो. वेगळा विषय नको यावर अजून ठाम आहे, पण सराव वेगळा हवा. पहिल्याच वर्षी, पेशंट भेटण्याआधी. जोड्या करा. एकाने खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधायची, दुसऱ्याने बघून लिहायचं. तो कागद तिसऱ्याला द्यायचा, ज्याने काहीच पाहिलेलं नाही, आणि त्याने फक्त कागद वाचून तीच कृती तशीच करून दाखवायची. कोणता हात आधी, कुठला पाय गुडघ्यावर घेतला, कुठे अडला, सगळं.

निळी_शाई

हे पुढच्या आठवड्यात करता येईल असं आहे. नाडी सगळ्यांना एकदम येते, तेव्हा लिहिणारा ‘गाठ मारली’ म्हणून मोकळा होणार नाही का?

गोनिओमीटर

होईल, आणि तिसरा नेमका तिथेच अडेल. मग लिहिणाऱ्याने पुन्हा बघायचं. बांधणाऱ्याला नेहमीच्या हाताचा अंगठा चिकटपट्टीने तळहाताला बांधायला सांगा. दुसऱ्या खेपेला गाठीच्या किमान सहा पायऱ्या निघतात.

दुसरे_वर्ष

चिकटपट्टी त्वचेवर थेट की मोज्यावरून?

गोनिओमीटर

पातळ हातमोज्यावरून. आणि किती मिनिटं बांधली तेही लिहा.